पहिला जबाब

त्या सोमवारी सकाळी बायको डोळ्यांवर ओला रुमाल टाकून आडवी पडली होती आणि मी चहा करत होतो.

"अहो, साखर टाकलीत का?"

"टाकली."

"कितीदा?"

मी चहा चाखून बघितला. माझं असं व्हायचं. एकदा टाकून विसरायचो आणि पुन्हा टाकायचो. मुलगी केस बांधता बांधता म्हणाली, "आई, बाबांच्या चहावर एक तपासणीस बसवायला पाहिजे."

"बसवली आहे की," बायको रुमालाखालून म्हणाली. "चोवीस वर्षं झाली. अजून कायम केलेलं नाही."

मी रंगारी आहे, लोकांच्या भिंती रंगवतो. ती काचेच्या कारखान्यात बाटल्या बघायची. काय काम करता असं कुणी विचारलं की एवढंच सांगायची, बाटल्या बघते. लोकांना ते काम वाटायचं नाही. औषधाच्या बाटल्या भट्टीतून निघून पट्ट्यावरून एकामागून एक येतात. पट्ट्यामागे पांढराशुभ्र दिवा असतो. समोर स्टुलावर बसलेल्या बाईने दिव्यापुढून जाणारी प्रत्येक बाटली बघायची. केसाएवढा तडा, आतला बुडबुडा, तोंडाशी उडालेली कपची दिसली की बाटली उचलून मागच्या पिंपात टाकायची. मिनिटाला ऐंशी बाटल्या. वीस मिनिटं बघायचं, मग वीस मिनिटं खोकी बांधायची म्हणजे डोळ्यांना विसावा, मग पुन्हा वीस मिनिटं. हा तिथला जुना नियम. वीस मिनिटांनंतर डोळा उघडा असतो पण बघत नसतो, असं ती म्हणायची. त्या दिव्यापायी तिला घरात पांढरी भिंत सहन होत नसे, म्हणून आमच्या दोन्ही खोल्या मी फिकट हिरव्या रंगवल्या होत्या. मुलगी त्याच कारखान्यात खोकी भरायच्या खात्यात होती. दोघी एकाच गाडीने जायच्या. फक्त सकाळची पाळी असली की बायको एक गाडी आधी निघायची.

त्या सोमवारी नवीन फलक लागला. आता वीसऐवजी चाळीस मिनिटं बघायचं, निम्म्या बायका दुसरीकडे हलवायच्या. कारखान्यात दोन युनियन होत्या. मोठी युनियन गावातल्या पुढाऱ्याच्या पक्षाची. कारखान्यात कंत्राटी माणसं पुरवायचं काम पुढाऱ्याच्या मेव्हण्याकडे होतं आणि ती युनियनही तोच चालवायचा. सगळा गाव त्याला मेव्हणाच म्हणायचा, जसा काही तो प्रत्येकाच्या बायकोचा भाऊ. मोठ्या युनियनने चाळीस मिनिटांवर सही करून टाकली होती. दुसरी युनियन लहान, एकशे दहा बायका आणि भट्टीवरचे थोडे पुरुष. माझी बायको तिची अध्यक्ष.

तिला भाषण येत नव्हतं. तिने काय केलं ते मुलीने मला सांगितलं. वीस मिनिटं झाली आणि ती स्टुलावरून उठून खोक्यांकडे गेली. तिच्यामागे शेजारची उठली, मग तिसरी. बघायला कुणी नाही आणि बाटल्या येतच आहेत. शेवटी कारखान्याला पट्टा थांबवावा लागला. पर्यवेक्षक धावत आला. ती म्हणाली, "साहेब, या बाटलीतून उद्या कुणीतरी आपल्या पोराला औषध पाजणार. न बघता बघितलं असं मी सांगणार नाही. तुम्ही बसता का?"

असं रोज झालं. कारखान्यात तिचं नावच वीस मिनिटं पडलं. मुलगी घरी येऊन नक्कल करायची, "वीस मिनिटं आज रजेवर आहेत का, असं विचारत होता मेव्हणा, फार आशेने."

तिसऱ्या आठवड्यात धमक्या सुरू झाल्या. मी त्या सांगतो तशाच आहेत, कारण तिने मला त्या तारखेसकट सांगितल्या होत्या. नऊ तारखेला फाटकाशी मेव्हणा म्हणाला, "वहिनी, डोळे जपा. हल्ली काही सांगता येत नाही." बारा आणि तेरा तारखेला एक मोटारसायकल तिच्यामागून गाडीच्या थांब्यापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तेव्हा मागे कोण बसलं होतं तेही तिने मला सांगितलं. सोळा तारखेला मेव्हणा पट्ट्याजवळ येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "एक बाई कमी झाली म्हणून पट्टा थांबत नाही."

"लक्षात ठेवा," ती मला म्हणाली. "तुम्ही विसराल. साखरेसारखं करू नका."

मी लक्षात ठेवलं. पण मुलीला सांगू नको असंही मीच म्हटलं. पोर घाबरेल.

आणि एक गोष्ट झाली, ती तेव्हा आम्हा दोघांनाच माहीत होती. सतरा तारखेला ती दुपारची घरी होती. जेवण झाल्यावर तिने चपला घातल्या. कुठे निघालीस म्हटलं, तर म्हणाली, पोलिसांत लिहून देऊन येते. मी दारात उभा राहिलो. म्हणालो, "पोलिसांत गेलीस की वैर पक्कं झालं. आता नुसतं बोलताहेत. थोडे दिवस दम धर. माझ्यासाठी." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चपला काढल्या आणि भांडी घासायला बसली.

अकरा दिवसांनी तिला मारलं.

शाळा भरायच्या आत काम उरकावं म्हणून मी पहाटेपासूनच एका शाळेत शिडीवर होतो, छताची पट्टी रंगवत होतो. शिपाई आला आणि म्हणाला, "मिस्त्री, खाली या." मी म्हटलं, एवढी कड संपवतो. त्याने शिडी धरली आणि पुन्हा म्हणाला, खाली या.

थांब्यावर मोटारसायकलवरून दोघे आले होते. सकाळचे सव्वासहा, चांगलं उजाडलेलं. तिच्याबरोबर थांब्यावर सात बायका उभ्या होत्या, सगळ्या तिच्याच खात्यातल्या. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

दवाखान्याच्या बोळात बाकावर बसलो होतो. पलीकडच्या खोलीत ती. तपास अधिकारी आला, वयाने माझ्याहून लहान, बोलायला मऊ. त्याने स्वतः जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. मग वही उघडून विचारलं, "काका, त्यांचं कुणाशी वैर? भांडण?"

मी म्हणालो, "नाही हो. तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. सगळ्यांशी चांगली होती."

मला खोटं बोलायचं नव्हतं. भिंतीपलीकडे ती निजलेली, आणि तिच्याबद्दल कागदावर भांडण हा शब्द लिहिलेला मला सोसवेना. माझ्या वडिलांबद्दल, आईबद्दल लोक हेच म्हणाले होते. माणूस गेल्यावर हेच म्हणतात. आणि खोल कुठेतरी हेही होतं की धमक्या सांगितल्या तर पुढचा प्रश्न येईल, मग तक्रार का नाही केली. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली.

त्यानंतर तपास घरात शिरला. बाहेर वैर नाही म्हटल्यावर तो दुसरीकडे कुठे जाणार? अधिकारी आमच्या हिरव्या खोलीत बसून विचारत होता.

"वाईट वाटून घेऊ नका काका, विचारावं लागतं. काकूंना फोन बरेच यायचे."

"कामगारांचे."

"पुरुषांचेही."

"पुरुषही कामगार असतात."

"तुमचं दोघांचं पटत होतं?"

"चोवीस वर्षं."

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"शिडीवर."

त्याने गल्लीत घरोघरी विचारलं. बाई कशी होती, घरी उशिरा यायची का, नवरा कधी ओरडायचा का. काल जे आमच्याकडे सांत्वनाला बसले होते ते आज मला बघून आवाज खाली करायला लागले. महिन्याभरात कागद तयार झाला. अज्ञात इसम, खासगी कारण. मी ठाण्यात जाऊन म्हटलं, साहेब, खासगी कसलं, कारखान्यात एवढा झगडा चालू होता. तो खरंच कळवळून म्हणाला, "काका, सगळं तुमच्याच जबाबावर उभं आहे. नवराच म्हणतो वैर नव्हतं."

मी त्या सात जणींकडे गेलो. त्यांतली सगळ्यात मोठी, जिला सगळ्या मावशी म्हणतात, तिच्याकडे आधी. ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, तुम्ही तिच्या शेजारी उभ्या होतात."

"मी पिशवीत डबा बघत होते."

"सातही जणी डबा बघत होत्या?"

तिने ताट खाली ठेवलं. "माझ्यावर डोळे काढू नकोस. तीस वर्षं बाटलीतला तडा बघते मी. काय दिसलं आणि काय नाही ते मला माहीत आहे." मग आवाज उतरला. "तू काय लिहून दिलंस? कुणाशी वाकडं नव्हतं. घरचा माणूस असं सांगतो, तिथे आम्ही परक्या बायका काय वेगळं सांगणार? आम्हाला पोरं आहेत. तू आमचं तोंड उघडायच्या आधीच बंद केलंस, आणि खरं सांगू, आम्हाला बरंच वाटलं."

तिथून मी पुढच्या सहा घरी गेलो नाही.

मुलीला जबाबाचं ठाण्यातून कळलं. संध्याकाळी ती भाकरी न करता तशीच बसून होती.

"बाबा, आईला शत्रू नव्हते असं तुम्ही लिहून दिलंत?"

"त्या वेळी सुचलं नाही."

"आईला शत्रू होते. असायलाच पाहिजे होते. तिने ते एकेक करून मिळवले होते, इतकी वर्षं उभं राहून. तुम्ही तिला अगदी गरीब गाय करून टाकलंत."

मी तिला धमक्या सांगितल्या. नऊ तारीख, बारा, तेरा, सोळा. तिने वहीत उतरवून घेतल्या. लिहिता लिहिता थांबली.

"मग आईने तक्रार का नाही केली? ती तर संडासाचा दिवा गेला तरी अर्ज करायची."

"काय माहीत," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिलं मी दुःखात बोललो असं म्हणता येईल. हे मी पूर्ण शुद्धीवर, तिच्या तोंडाकडे बघून बोललो. घरात आता आम्ही दोघंच उरलो होतो, आणि ते सांगितलं तर मी एकटा उरेन असं मला वाटलं.

थोड्या दिवसांनी मेव्हणा घरी आला. एकटाच, साध्या कपड्यांत. खुर्चीच्या कडेवर बसला.

"दादा, झालं ते फार वाईट झालं. वहिनी आमच्या विरोधात होत्या, पण मान होता त्यांना. आता मुलीचं बघायला पाहिजे. ऑफिसात टायपिंगची जागा आहे, कायम. तुम्ही फक्त एक कागद द्या, तपासावर समाधानी आहे म्हणून. युनियनवाले उगाच चौकशीचा अर्ज करताहेत, तुम्हालाच त्रास."

मुलगी दारात उभी होती. "मला टायपिंग येत नाही."

"शिकशील गं."

"पहिला कागद कोणता टाईप करायचा? बाबांचा समाधानाचा?"

मेव्हणा हसला. "आईवर गेलीस." मग माझ्याकडे वळून तितक्याच मऊपणे म्हणाला, "दादा, पोरगीही त्याच थांब्यावर उभी असते ना."

तो गेल्यावर मी दाराला कडी घातली. मग मी तिला म्हटलं, उद्यापासून तू त्या थांब्यावर जायचं नाहीस. ती म्हणाली, "जाणार. तुम्हाला यायचं असेल तर या बरोबर." दुसऱ्या दिवसापासून ती तिच्या आईच्या गाडीने जाऊ लागली, आणि सकाळी सव्वासहाला मी तिच्याबरोबर थांब्यावर उभा राहू लागलो. त्या सात जणीही असायच्या. कुणी माझ्याशी बोलायचं नाही, पण एकीने सरकून मला जागा दिली.

युनियनच्या अर्जावरून शेवटी उघडी चौकशी लागली. एक निवृत्त न्यायाधीश, सरकारी कचेरीतली मोठी खोली, कुणीही येऊन बसावं. युनियनच्या वकीलबाईंनी मला आदल्या दिवशी बोलावलं.

"तुम्ही पहिला जबाब बदलताय. ते तुम्हाला खोटारडे म्हणतील. कदाचित तुमच्यावरच संशय आणतील. ते सोसाल?"

"सोसेन."

"आणि विचारतील, एवढ्या धमक्या होत्या तर पोलिसांत का गेला नाहीत."

मी म्हणालो, "वेळच मिळाला नाही असं सांगितलं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तसं होतं का?"

मी नखातला रंग काढू लागलो. त्या म्हणाल्या, "मी विचारलं नाही असं समजा. रात्रभर विचार करा. पण खोट्याची एक वीट जरी सापडली ना, तर ते अख्खी भिंत पाडतील. तुम्ही भिंतींच्या कामातले आहात, तुम्हाला काय सांगायचं."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण ते थोडं आहे. तपास पुन्हा उघडला. मोटारसायकलवर मागे बसणारा धरला गेला, मेव्हण्याला बोलावणं गेलं, अटक झाली, आणि आता तो जामिनावर बाहेर आहे. पुढाऱ्याला कुणी काही विचारलेलं नाही. मुलीला कामावरून काढलं. खटला चालू आहे आणि मी असेपर्यंत संपेल असं वाटत नाही. कारखान्यात बायका पुन्हा वीस मिनिटांनी उठतात. त्यांचं त्यांनीच ठरवलं.

आणि वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे, ते रागाने नाही. हक्कासाठी उभं राहिलेलं माणूस मारलं जातं तेव्हा त्याला दोनदा पुरतात. एकदा मारणारे, आणि एकदा आपण, त्याच्यावर प्रेम करणारे, ते किती गोड होतं हे सांगून सांगून. मारणाऱ्यांना आपला हा चांगुलपणा पाठ असतो. पोलिसांना तो सोयीचा असतो. तुमच्या घरी असा प्रसंग न येवो. पण शेजारी आला आणि वही घेऊन कुणी तुमच्या दारात उभं राहिलं, तर ती बाई चांगली होती एवढ्यावर त्याला परत पाठवू नका. ती कुणाला नको होती तेही सांगा.

चौकशीच्या दिवशी खोली भरली होती. मागच्या भिंतीशी कारखान्याची माणसं, पुढे वकील. मुलगी माझ्यामागे दुसऱ्या रांगेत. मी सकाळी तिला सांगायचा प्रयत्न केला होता. दोनदा तिच्या नावाने हाक मारली आणि दोन्ही वेळा छत्री घेतलीस का एवढंच विचारलं.

मी धमक्या सांगितल्या, तारखांसकट. न्यायाधीश म्हातारे होते, शांत. लिहिणारा कारकून माझं वाक्य संपेपर्यंत थांबायचा आणि मग टंकायचा. मग कंपनीचा वकील उठला.

"तुम्ही पहिल्या जबाबात म्हणालात, वैर नव्हतं. आज म्हणता, होतं. कोणतं खोटं?"

"पहिलं."

"का बोललात?"

"ती नुकतीच गेली होती. मला तिच्याबद्दल चांगलं बोलायचं होतं."

मागे कुणीतरी हसलं. वकीलही किंचित हसला. "इतक्या धमक्या आल्या म्हणता, आणि अध्यक्ष असलेली बाई, जी सगळ्या गोष्टींना अर्ज करते, ती पोलिसांत एक ओळ लिहून देत नाही. म्हणजे धमक्या आल्याच नव्हत्या. बरोबर?"

मी न्यायाधीशांकडे बघितलं. मागे बघायची हिंमत झाली नाही.

"ती निघाली होती," मी म्हणालो. "सतरा तारखेला, दुपारी. चपला घालून. मी दारात आडवा उभा राहिलो. मी तिला जाऊ दिलं नाही. मी म्हणालो, माझ्यासाठी. तेव्हा तिने चपला काढल्या."

कंपनीचा वकील हातातला कागद बघत राहिला, त्याला हे अपेक्षित नव्हतं. कारकुनाची बोटं थांबली होती. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग न्यायाधीशांकडे. बिचारा तरुण होता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हेही लिहायचं का? म्हणजे, हे घरातलं आहे."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवायची होती, पण मान हलेना. मी तसाच उभा होतो, आणि माझ्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं ती उठून चालली. जाणारच, तिला तो हक्क होता.

ती गेली नव्हती. ती उभी राहिली होती. तिचा आवाज तिच्या आईसारखा नाही, बारीक आहे, पण त्या खोलीत तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

"लिहा," ती म्हणाली. "तारीख पण घाला."